बंदुकीआधी दुर्बीण

ऑगस्टमधला शुक्रवार. डेन्व्हरच्या ऑफिसात पाच वाजता लॅपटॉप बंद होतात आणि पब्लिक आपापल्या वीकएण्डला पळतं. कुणी बीअर, कुणी बार्बेक्यू, कुणी नुसतीच झोप. आमचा टीम लीड मात्र पिकअपमध्ये दुर्बीण, ट्रायपॉड, बर्फाची पेटी आणि दोन फोल्डिंगच्या खुर्च्या टाकत होता. ‘येतोस?’ त्यानं विचारलं. कुठे, तर शेजारच्या वायोमिंग राज्यात. कशाला, तर शिकारीला नव्हे, शिकारीच्या आधीच्या टेहळणीला. बंदूक घरीच ठेवून!

खरं सांगायचं तर मी जरा बिचकलोच. आपण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाढलेली माणसं. शिकार म्हणजे जुन्या संस्थानिकांचे वाघावर पाय ठेवलेले फोटो, नाहीतर पेपरातली कोर्टाची बातमी. पण बंदूक नाही म्हटल्यावर म्हटलं, चला, एक वीकएण्ड. त्या एका वीकएण्डचे तीन झाले.

हरीण म्हणू नका!

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचं नाव प्राँगहॉर्न. तांबूस पिवळा रंग, गळ्यावर पांढरे पट्टे, बुडावर पांढराशुभ्र ठिपका. अमेरिकेत त्याला सर्रास ‘अँटिलोप’ म्हणतात, पण तो ना अँटिलोप, ना हरीण. त्याच्या कुळातला जगात उरलेला तो एकटाच. आज हयात असलेल्यांत जवळचे नातेवाईक कोण म्हणाल, तर आफ्रिकेतले जिराफ आणि ओकापी! शिंगंही जगावेगळी. आतला हाडाचा गाभा कायम, पण वरचं आवरण दरवर्षी गळतं आणि नवं येतं. पुढच्या बाजूला एक फाटा असतो, त्यावरूनच हे नाव.

आणि वेग? ताशी ८५ ते ९० किलोमीटर. चित्ता त्याहून जोरात पळतो, पण काही शे मीटर पळून बसतो. प्राँगहॉर्न ताशी ६५च्या आसपासचा वेग कित्येक किलोमीटर टिकवतो. आजच्या अमेरिकेत त्याचा असा पाठलाग करू शकेल असा एकही प्राणी नाही. मग इतकं पळायचं कुणापासून? जॉन बायर्स या प्राणिशास्त्रज्ञानं यावर एक गाजलेली मांडणी केली. हिमयुगात उत्तर अमेरिकेतही चित्त्यासारखे शिकारी होते. ते सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले, पण प्राँगहॉर्नच्या पायांतला वेग गेला नाही. थोडक्यात, गडी अजून भुतापासून पळतोय.

आपल्याला हे ऐकून काळवीट आठवणारच. आपल्याकडचा चित्ता १९५२ मध्ये नामशेष झाल्याचं जाहीर झालं. २०२२ मध्ये नामिबियाहून चित्ते कुनोला आणले गेले. मधली सत्तर वर्षं आपला काळवीटही भुतापासूनच पळत होता.

पहाटे साडेचार, पारा सहा

रात्री लॅरामी गावात मोटेल, पहाटे साडेचारला मेडिसिन बो ओलांडून पुढे शर्ली बेसिनच्या दिशेनं. उंची दोन हजार मीटरच्या वर, त्यामुळे ऐन ऑगस्टमध्येही हुडहुडी. उजाडलं तेव्हा समोर जे काही दिसलं त्याला काय म्हणावं कळेना. झाड नाही. घर नाही. गुडघाभर उंचीचं करडं सेजब्रश, त्याचा ओव्यासारखा उग्र वास आणि क्षितिजापर्यंत माळच माळ. वायोमिंगचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण ऐंशी टक्के आणि लोकसंख्या २०२०च्या जनगणनेनुसार फक्त ५ लाख ७७ हजार. जगातल्या प्राँगहॉर्नपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या या राज्यात आहेत.

‘आता शोध,’ टीम लीड म्हणाला आणि थर्मासमधली कॉफी ओतत बसला.

मी दुर्बीण लावली. काही नाही. वीस मिनिटं काही नाही. त्यानं शांतपणे माझी दुर्बीण ट्रायपॉडवर अडकवली आणि म्हणाला, ‘हातात धरशील तर तुझाच हात बघत बसशील.’ मग शिकवणी सुरू. माळाचे मनातल्या मनात पट्टे पाडायचे. जवळचा पट्टा डावीकडून उजवीकडे, मग त्यामागचा उजवीकडून डावीकडे. अख्खा प्राणी शोधायचाच नाही. पांढरा ठिपका शोधायचा, आडवी पाठ शोधायची, सेजब्रशच्या वर हललेला कान शोधायचा.

पाऊण तासात सतरा जनावरं! सगळी तिथेच होती, मलाच दिसत नव्हती. आणि गंमत म्हणजे त्यांना आम्ही केव्हाच दिसलो होतो. प्राँगहॉर्नचे डोळे मोठे आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना. मान न वळवता जवळजवळ चौफेर दिसतं. धोका वाटला की बुडावरचे पांढरे केस फुलतात आणि तो पांढरा इशारा लांबवरच्या भाऊबंदांना पोचतो. १८०४ मध्ये लुईस आणि क्लार्कची मोहीम या प्रदेशाकडे आली, तेव्हा लुईसनंही त्यांच्या जवळ जायचा प्रयत्न केला आणि हात टेकले. दोनशे वर्षांत दुर्बिणी सुधारल्या, प्राँगहॉर्न होता तसाच आहे.

टॅग लागणं म्हणजे लॉटरी

इथे शिकार म्हणजे उठला आणि गेला असं नाही. वायोमिंग राज्य शिकारीसाठी विभागांत वाटलेलं आहे. दरवर्षी वन्यजीव खातं कळपांचा अंदाज घेऊन प्रत्येक विभागाचा परवान्यांचा आकडा ठरवतं. बाहेरच्या राज्यातल्यांनी जूनच्या सुरुवातीपर्यंत अर्ज करायचा, मग सोडत. नंबर लागला नाही तर पॉइंट जमवत राहायचं. फी स्थानिकांना चाळीस डॉलरच्या आत, बाहेरच्यांना सव्वातीनशेच्या वर. एक परवाना, एक विभाग, एक जनावर. १ जानेवारी १९६६ नंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षेचा कोर्सही करावा लागतो. आमच्या टीम लीडला हा टॅग पाच वर्षं थांबून मिळालेला. त्यामुळे टेहळणीला तीन वीकएण्ड घालवणं त्याला अजिबात जास्त वाटत नव्हतं.

टेहळणीचेही नियम आहेत बरं का. वायोमिंगमध्ये १ ऑगस्ट ते ३१ जानेवारी या काळात विमान किंवा ड्रोन उडवून मोठी जनावरं हेरायला बंदी. अ‍ॅरिझोनानं तर २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरेही बंद केले. पाणवठ्यावर कॅमेरा बांधायचा आणि घरी सोफ्यावर बसून फोटो बघायचे, हा शॉर्टकट तिथे चालत नाही. मुद्दा साधा आहे. जनावराला सुटायची संधी हवी.

मग जमिनीचं टेन्शन. १८६०च्या दशकात रेल्वे टाकताना सरकारनं युनियन पॅसिफिक कंपनीला रुळाच्या दोन्ही बाजूंची एक-एक चौरस मैलाची एकाआड एक घरं देऊन टाकली. त्यामुळे नकाशा आजही बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. एक घर सरकारी, शेजारचं खासगी. सरकारी घरातून तिरक्या सरकारी घरात कोपऱ्यावरून जायचं की नाही, यावर भांडणं. २०२१ मध्ये मिसुरीच्या चार शिकाऱ्यांनी असा कोपरा ओलांडला आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०२५च्या मार्चमध्ये अपील कोर्टानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानं त्यात हात घालायला नकार दिला. तरीही टीम लीडच्या मोबाइलवर जमिनीच्या मालकीचा नकाशा सतत उघडा. पाऊल टाकायच्या आधी बोट स्क्रीनवर.

नाव ठेवायचं नाही!

दुसऱ्या वीकएण्डपर्यंत मला नर-मादी कळायला लागले. नराच्या गालावर, जबड्याच्या खाली काळा डाग असतो, मादीला नसतो. शिंगं मादीलाही असतात, पण पिटुकली. शिंगांचा अंदाज कानावरून. कान साधारण सहा इंच, शिंग कानाच्या दुप्पट दिसलं तर बारा-तेरा इंच. फाटा कानाच्या टोकाच्या वर निघतोय का, बुंधा जाड आहे का, हे बघायचं. थिओडोर रूझवेल्टनं १८८७ मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या रेकॉर्ड बुकात कायमची जागा हवी तर ८२ गुण लागतात. आणि मोठी शिंगं म्हणजे म्हातारा नर, असंही नाही. तीन-चार वर्षांच्या जवान गड्याचीही शिंगं भरात असू शकतात.

एक नर मला फार आवडला. पाणवठ्याच्या वरच्या उंचवट्यावर तो रोज उभा. मधूनच खाली यायचा, जमीन हुंगायची, खुरानं उकरायची, मग तिथे लघवी, तिथेच लेंड्या. ही आपली हद्द! दुसरा कुणी नर दोनशे मीटरवर जरी दिसला तरी मान खाली घालून त्याच्यावर चालून जायचा. सप्टेंबरच्या मध्यावर माजाचा काळ सुरू होतो, त्याची ही पूर्वतयारी. ऑगस्टमध्ये हद्द धरलेला नर सप्टेंबरमध्येही बहुतेक तिथेच सापडतो. टेहळणीचं सगळं गणित यावरच.

टीम लीडनं वहीत लिहिलं, ‘नर क्रमांक २’. मी म्हटलं, याला नाव देऊया. तो एकदम गंभीर झाला. ‘नाव नाही ठेवायचं. नाव ठेवलं की ट्रिगर दाबवत नाही.’

मी मान डोलावली. पण मनात त्याचं बारसं झालंच होतं. गावाबाहेरच्या टेकाडावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणारा, मिशीवर ताव देणारा... पाटील!

वहीतला दुसरा रकाना

वहीत नरांच्या शेजारी आणखी एक रकाना होता. माद्या आणि पाडसं. मेअखेर-जूनमध्ये मादी बहुधा जुळी पाडसं देते. आम्ही तीन वीकएण्डमध्ये जे मोजलं त्यात माद्या ४१, पाडसं १६. टीम लीड त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्याच्या मते हे कमी होतं.

त्याला काळजी वाटायला कारण होतं. २०२२-२३चा हिवाळा वायोमिंगच्या प्राँगहॉर्नसाठी काळ बनून आला. पाइनडेलकडच्या सब्लेट कळपातली हजारो जनावरं थंडीनं, उपासमारीनं आणि मायकोप्लाझ्मा बोव्हिस नावाच्या जंतूच्या न्यूमोनियानं मेली. खात्यानं त्या वर्षी परवाने हजारोंनी कमी केले. म्हणजे फीचं उत्पन्नही बुडालं. तरी आकडा खालीच आला.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तर परिस्थिती याहून वाईट होती. कोट्यवधींच्या घरातला हा प्राणी बेसुमार कत्तलीमुळे १९१५च्या सुमारास काही हजारांवर आला होता. मग शिकारीवर निर्बंध आले. १९३७च्या कायद्यानं रायफली आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. कळप सावरले, पुन्हा लाखांत गेले. ज्यांच्या बंदुकांनी तो संपत आला होता, त्यांच्याच काडतुसांच्या करावर तो परत उभा राहिला. माझ्यासारख्याला पचायला जड, पण आहे हे असं आहे.

आजचा मोठा शत्रू बंदूक नाहीच. तो आहे कुंपण. ताशी नव्वदनं धावणारा हा प्राणी तारेवरून उडी मारायच्या फंदात सहसा पडत नाही, खालून सरपटतो. तिसऱ्या वीकएण्डला आम्ही एका मादीला काटेरी तारेखालून जाताना पाहिलं. गुडघे टेकले, पोट जमिनीला, पाठ तारेला घासली. ती गेल्यावर आम्ही जवळ गेलो तर तारेच्या काट्यांना केसांचे पुंजके लटकत होते. एकीचे नव्हेत, कित्येक जणींचे. जाळीचं कुंपण असेल तर तेवढाही मार्ग नाही. म्हणून आता जागोजागी खालची तार बिनकाट्याची करून जमिनीपासून सोळा-अठरा इंच वर घेतात. ग्रँड टीटनहून निघणाऱ्या कळपांच्या दीडेकशे मैलांच्या वाटेला २००८ मध्ये संरक्षण मिळालं आणि २०१२ मध्ये ट्रॅपर्स पॉइंटला हायवेवरून खास त्यांच्यासाठी पूल बांधला गेला.

पाटील कुठे गेला?

सप्टेंबरच्या अखेरीस सीझन उघडला. आता पिकअपमध्ये रायफल होती, अंगावर नियमाप्रमाणे भडक केशरी जॅकेट. मी नुसताच बरोबर. रात्रभर झोप नाही. पाटील नेहमीच्या टेकाडावर असणार, हे जगात दोघांनाच नक्की माहीत होतं आणि त्यातला एक मी होतो.

उजाडलं. टेकाड रिकामं! रात्री कुणाच्या तरी पिकअपचे दिवे त्या बाजूला फिरले होते, चाकांचे ठसे ताजे होते. पाटील हद्द सोडून गेला होता. माझा जीव भांड्यात पडला. टीम लीडनं वही काढली, पानं उलटली आणि म्हणाला, ‘क्रमांक ५.’

क्रमांक ५ दीड मैलावरच्या एका घळीत वावरायचा. वारा कुठून येतो, कुठल्या उंचवट्याआड सरपटत जाता येतं, सकाळी तो कुठल्या उतारावर चरतो, सगळं वहीत होतं. आम्ही सव्वा तास रांगलो. गुडघे सोलवटले, तळहातात निवडुंगाचे काटे. २२० यार्डांवर तो आडवा उभा राहिला. एकच आवाज झाला. तो चार पावलं चालला आणि बसला, आणि मग उठला नाही.

टीम लीड बराच वेळ काही बोलला नाही. मग परवान्यावर सही केली, तारीख फाडली, जॅकेट काढलं आणि कामाला लागला. उन्हात मांस लवकर खराब होतं, म्हणून घाई. तासाभरात सगळं बर्फाच्या पेटीत. खाण्याजोगं मांस टाकून देणं हा इथे गुन्हा आहे.

परतीच्या रस्त्यात माझ्या डोक्यात एकच किडा. पाटील सुटला म्हणून मी खूश झालो होतो. दोन तासांनी दुसरा नर पडला तेव्हा तेवढं वाईट का नाही वाटलं? तोही आम्ही तीन वीकएण्ड बघितलेला. त्याचीही हद्द होती, त्याच्याही मागे माद्या होत्या. फरक एवढाच की त्याला मी नाव दिलं नव्हतं. आणि दर रविवारी मटणाच्या दुकानात रांग लावणाऱ्या माझ्यासारख्यानं कधी कुठल्या बोकडाकडे तीन वीकएण्ड बघितलं होतं?

हे मी टीम लीडला बोलून दाखवलं. तो गाडी चालवत म्हणाला, ‘म्हणूनच मी येतो बघायला. नाहीतर दुकानातून आणणं सोपं आहे.’

त्यानं मला दोन पाकिटं खिमा दिला. आलं-लसूण, कांदा-खोबऱ्याचं वाटण, घरून आलेला मसाला. शिजवला, खाल्ला. पहिला घास सोपा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण पानात टाकलं नाही काही.

माळ आपलाही आहे

डिसेंबरात घरी आलो आणि पहिल्याच रविवारी कर्जतजवळचं रेहेकुरी गाठलं. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे काळविटांचं अभयारण्य १९८० पासूनचं. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. शर्ली बेसिनच्या मानानं अंगणच. यापूर्वी कॉलेजात असताना आलो होतो तेव्हा वीस मिनिटांत काळवीट बघून, फोटो काढून ढाब्यावर गेलो होतो.

या वेळी बाभळीच्या सावलीत ट्रायपॉड लावला आणि तीन तास बसलो. एक काळाकुळकुळीत नर, पिळदार शिंगांचा, आपल्या तुकड्यात फेऱ्या मारत होता. मधूनच थांबायचा आणि एका ठरलेल्या जागी लेंड्यांचा ढीग वाढवायचा. ही आपली हद्द! मला हसूच फुटलं. बारा-तेरा हजार किलोमीटरवर, वेगळ्याच कुळातला, पण तोरा तोच. पाडसं मोजली, माद्या मोजल्या, वहीत दोन रकाने केले.

आपण शिकार बंद केली ते उत्तमच केलं. पण बंदुकीबरोबर बघणंही बंद केलं की काय, असं वाटतं. वाघाच्या जिप्सीसाठी महिना-महिना आधी बुकिंग आणि माळावरचं काळवीट मात्र बसच्या खिडकीतून. माळ म्हणजे ‘पडीक’ जमीन, असं सात-बारावर लिहिलं की तिथे कुणाची हद्द आहे हे कोण विचारतो? टीम लीडला त्याच्या विभागात पाडसं कमी झाल्याचं खात्याच्या अहवालाआधी कळलं, कारण तो तिथे बसला होता.

या वेळी मी त्या काळविटाला नाव दिलं नाही. क्रमांक १ एवढंच लिहिलं. पुढच्या डिसेंबरात तो तिथे आहे का, हे बघायला जायचंय.

टेहळणीची शिदोरी

* दुर्बीण १० बाय ४२ची पुरते. पण ट्रायपॉड मस्ट! हात हलला की जनावर हरवलं.
* उजाडण्याआधी अर्धा तास जागेवर बसा. दहाच्या पुढे जमिनीवरची हवा थरथरते आणि सगळं अंधूक दिसतं.
* उंचवट्याच्या माथ्यावर उभं राहू नका. आकाशाच्या पडद्यावर तुम्ही सिनेमातल्या हीरोसारखे दिसता. माथ्याच्या जरा खाली बसा.
* गाडी एकदा थांबवली की दरवाजा आपटू नका. जनावरं गाडीला सरावतात, गाडीतून उतरलेल्या माणसाला नाही.
* पाणवठ्यापासून लांब बसा. तुमच्या हौसेपायी कुणी तहानलेलं परत जायला नको.
* वही ठेवा. तारीख, वेळ, वारा, नर किती, माद्या किती, पाडसं किती. फोटो विसरले जातात, वही विसरू देत नाही.
* नाव ठेवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा!